शेवटचा वाटा

आशालता सबनीस यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा सुखनिवास सोसायटीचं वाटप आता बंद पडणार हे सगळे धरून चालले होते. आणि सगळ्यांच्या आधी ते धरून चालल्या होत्या स्वतः आशालताबाई.

वाटप म्हणजे काय, ते हल्ली समजावून सांगावं लागतं. नवीन पनवेलमध्ये हे सेक्टर पडले तेव्हा इमारती आधी आल्या आणि दुकानं कितीतरी नंतर. चिखल तुडवत एकाच किराणावाल्याकडे जायचं आणि तो सांगेल त्या भावाला तो देईल ती डाळ आणायची, असा प्रकार होता. तेव्हा सुखनिवासमधल्या काही बिऱ्हाडांनी ठरवलं, की दर महिन्याला घाऊक बाजारातून अख्खी पोती आणायची आणि एकाच्या घरी बसून वाटून घ्यायची. या महिन्यात याच्याकडे, पुढच्या महिन्यात त्याच्याकडे. नियम एकच होता. ज्याच्या घरी वाटप त्याच्या हातात तराजू, आणि ज्याच्या हातात तराजू त्याचा वाटा सगळ्यांत शेवटी. मापणाऱ्याचं लक्ष स्वतःच्या डब्यावर राहू नये, इतका सरळ विचार त्यामागे होता.

आता पोतं म्हटलं की तूट आली. थोडं गोणपाटाला चिकटतं, थोडं जमिनीवर सांडतं, आणि काटा एखाद्या दाण्याने झुकलेला असतोच. ही सगळी तूट जाऊन बसायची शेवटच्या वाट्यात. एका दिवाळीला ज्यांच्याकडे वाटप होतं त्यांच्या डब्यात साखर आली ती तळाला दिसेल न दिसेल एवढी. ते काहीतरी बोलले, समोरून कुणीतरी उलटं बोललं, आणि दोन घरं गटातून फुटली ती जिन्यात भेटली तरी एकमेकांकडे बघेनाशी झाली. आशालताबाई तेव्हा टेलिफोन खात्यात होत्या, तरुण होत्या, आणि नाकावर माशी बसू देत नव्हत्या. त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून वाटप माझ्याकडेच." सगळे म्हणाले, छे छे, एकट्या तुमच्यावर भार नको. पण ते इतक्या हळू म्हणाले, की सगळ्यांचा जीव भांड्यात पडलाय हे बाईंना कळलं.

त्या दिवसापासून सुखनिवासमध्ये तूट अशी दिसलीच नाही. वाटप संपलं की बाईंचे डबेही सगळ्यांसारखे गळ्यापर्यंत भरलेले. लोक म्हणायचे, हात आहे हो बाईंचा. हा हात म्हणजे खरं तर सबनीसकाकांचे पाय होते. वाटप रंगात आलं की बाई यजमानांना डोळ्याने खुणावत, आणि काका कापडी पिशवी घडी करून खिशात घालून मागच्या गेटने बाहेर पडत. कमी पडलेली तूर किंवा साखर दुकानातून आणायची, मागच्या जिन्याने स्वयंपाकघराच्या दाराने आत घ्यायची आणि गुपचूप डब्यात ओतायची. काका निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मागचं गेट काही सुटलं नाही.

इतकं करूनही गट रोडावत गेला. लोक यायचे, पिशवी पुढे धरायचे, "थँक्यू हं ताई" म्हणायचे आणि चप्पल न काढता परत जायचे. पुढे फोनवर बोट टेकवलं की माणूस दारात सामान घेऊन उभा राहायला लागला, आणि तो तर थँक्यूचीही वाट बघत नाही. एकेक घर गळलं. बाई म्हणत, लोकांना आता चार जणांत मिळून काही नकोच आहे. आता उरली होती ती घरं जेमतेम अख्खी पोती संपवण्यापुरती. एक महिना जरी खंड पडला असता तरी त्यांनाही फोनची सवय लागली असती, आणि मग गटाला कुणी पुन्हा उभं करू शकलं नसतं. बाईंच्या उभ्या आयुष्याचं काम होतं ते. ते बुडावं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. पण आपल्यावाचून ते तरलं तर कसं वाटेल, हेही त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर गणपती उठले आणि त्यानंतर माळ्यावर डबा ठेवताना बाई स्टुलावरून पडल्या. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरची सुरैय्या मुकादम सूप घेऊन वर आली. सुरैय्या आणि तिचे मियाँ जमालभाई जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातून इथे राहायला आले त्याला फार काळ झाला नव्हता. जमालभाईंनी उमेदीची वर्षं आखातात एका गोदामावर घालवली होती आणि आता त्यांना घरात मोजायला काहीच नसल्यामुळे ते अस्वस्थ असत.

"आता या महिन्याचं वाटप राहू दे," बाई म्हणाल्या. "बघू पुढे."

"राहू दे कशाला? हात मोडलाय ताई, वाटप थोडंच मोडलंय?" सुरैय्या म्हणाली. "माझ्याकडे ठेवा. तळमजला आहे, पोती चढवायला नकोत. तुम्ही फक्त येऊन बसा."

"तुला जमेल का गं? मापणं म्हणजे..."

"नाही जमलं तर लोक काय मला फाशी देणार आहेत?"

बाई हो म्हणाल्या. सुरैय्या गेल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "गोंधळ होणार आहे नुसता." हे त्या इतक्या समाधानाने म्हणाल्या, की काकांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं आणि त्यामागे हसून घेतलं.

वाटपाच्या रविवारी बाई सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्चीत बसल्या. पोती आणणारा टेम्पोवाला बाळू शिरढोणकडचा. त्याचा फोन आला, "ताई, आमी पळस्प्याला अडकलोय. गाडी जराबी हालत नाय. येतो, तुमी च्या ठेवा." बाईंच्या घरी असं झालं असतं तर त्यांनी लोकांना निरोप पाठवून तासाभराने बोलावलं असतं. सुरैय्याने कुणालाच परत पाठवलं नाही. तिने खरंच चहा ठेवला आणि सांदणांचा पहिला घाणा उतरवला. तांदळाची मऊ, गोडसर सांदणं बशीत पडल्यावर कोण उठून जातंय? तिसऱ्या मजल्यावरची भावना जमिनीवर मांडी घालून बसली. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी रेवा, जिला सोसायटीत कुणी कधी कानातल्या इअरफोनशिवाय पाहिलं नव्हतं, तीही बसली. तिला घरी एकटीला डाळ लागायचीच किती, पण आईने बजावलं होतं म्हणून ती गटात टिकून होती.

बाळू आला, पोती उतरली, जमालभाईंनी तराजू टांगला. गोदामातला माणूस तो, काटा मधोमध आल्याशिवाय श्वास सोडेना. बाईंना बरं वाटलं. पण जमालभाईंनी पारडं रिकामं केलं की सुरैय्या पोत्यात हात घालायची आणि वर एक मूठ टाकायची.

"अगं, ही कसली मूठ?" बाईंनी विचारलं.

"तराजूचं तराजूने दिलं. ही माझ्या हातची."

बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. एवढ्या पिशव्या, एवढ्या मुठी, आणि शेवटी उरणार काय? त्यांनी तोंड उघडलं तशी शेजारी बसलेल्या काकांनी त्यांच्या प्लास्टरवर हलकेच हात ठेवला. मूठ पडत राहिली. कुणाची पिशवी भरली म्हणून कुणी उठत नव्हतं. भावना सासूच्या औषधांबद्दल सांगत होती, रेवा दुसऱ्या सांदणाला नको नको म्हणत तिसऱ्यावर आली होती, आणि जमालभाई बाळूला त्याच्या टेम्पोत पोती कशी रचायला हवी होती ते ऐकवत होते. बाईंना मनातून हेवा वाटला. त्यांच्या घरात, त्यांच्या वाटपाला, असं कुणी बसलेलं त्यांना आठवेना.

शेवटी जे व्हायचं तेच झालं. सुरैय्याचा वाटा आला तेव्हा तांदूळ होते, साखर होती, पण तुरीचं पोतं झटकलं तरी त्यातून धूळच पडली.

बाई काकांच्या कानाशी वाकल्या. "अहो, उठा. मागच्या गेटने जा. दोन किलो तूर."

"आज नाही," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"गुडघा दुखतोय. आणि सांदण गरम आहे."

एवढ्यात सुरैय्याने आपली काचेची बरणी आणून घोळक्याच्या मध्ये ठेवली. "माझी डाळ तर संपली," ती हसत म्हणाली. "चला, आता सगळ्यांनी मला घाला."

तिला लाज कशी वाटत नाही, हेच बाईंना कळेना. यजमानीण, स्वतःच्या घरात बसून, रिकामी बरणी पुढे करते? मोहल्ल्यातल्या दावतीत वाढणारा शेवटी बसतो आणि पातेलं रिकामं असलं तर बाकीचे त्याच्या ताटात आपल्यातलं टाकतात, एवढंच सुरैय्याला माहीत होतं. त्यात लाजायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रेवाने सगळ्यांत आधी पिशवी उघडली. मग इतरांनी. कुणी ओंजळभर घातली, कुणी वाटीभर. जमालभाई काटा बघायला धावले, तर सुरैय्याने त्यांना खाली बसवलं. बरणी भरली आणि थोडी डाळ बाहेरही सांडली.

भावना डाळ घालता घालता म्हणाली, "पण ताई, तुमच्याकडे एवढी वर्षं वाटप झालं. तुमच्याकडे कसं कधीच कमी पडलं नाही?"

बाई गप्प बसल्या असत्या तर तो दिवस गोडीत गेला असता. पण सुरैय्याचं कौतुक ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते, आणि आपलंही काही आहे हे कुणाला तरी कळावं असं त्यांना फार वाटत होतं.

"पडायचं तर," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला पडायचं. पण मी कधी कुणाला कळू दिलं नाही. हे मागच्या गेटने जाऊन दुकानातून आणायचे."

आता लोक काय काय म्हणतील, याची त्या वाट बघत राहिल्या. भावनाचा हात बरणीवर तसाच राहिला.

"म्हणजे तुमच्या वाट्याचं आम्ही नेत होतो?" तिने विचारलं.

"अगं, त्यात काय एवढं?"

"सासरे अंथरुणावर होते तेव्हा घरात सारखी माणसं यायची. मी तुम्हाला म्हणायचे, ताई, जरा वर घाला. तुम्ही घालायचात. मला वाटायचं, पोत्यात आहे म्हणून घालताय." तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तुम्हाला कमी पडतंय हे एकदा सांगितलं असतंत तर मी कमी नेलं असतं. तेवढीही आमची ओळख नव्हती का? मला तुम्ही धर्मादाय खात्यात टाकलंत, आणि मला ते कळूही दिलं नाहीत."

ती पिशवी उचलून निघून गेली. सुरैय्या तिच्या मागे दारापर्यंत गेली आणि परत आली. थोड्या वेळाने रेवा म्हणाली की पुढच्या महिन्यात माझ्याकडे करूया, मला सांदणं येत नाहीत पण मॅगी येते. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "केलं ते केलं आणि वर ऐकून घ्यायचं. धर्मादाय म्हणे. माझ्या पदरचं घातलं, कुणाला ओरबाडलं तर नाही ना?"

काकांनी पंखा लावला आणि ते त्यांच्या शेजारी येऊन बसले. "तू सगळ्यांना दिलंस. पण तुला द्यायची पाळी कुणावर येऊ दिली नाहीस. मग ते पिशवी पुढे करण्याखेरीज दुसरं काय शिकणार?"

"मग इतकी वर्षं तुम्ही जात का होतात? तेव्हाच सांगायचं."

"तू मला आवडतेस म्हणून जात होतो," काका म्हणाले. "ते बरोबर आहे म्हणून नाही."

लग्नाला इतका काळ लोटल्यावर माणूस असलं काही बोलतो आणि तेही ऐन भांडणात, म्हणून बाईंना रडूच आलं. काकांनी त्यांचं नाक पुसलं, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्याने त्यांना ते धड जमत नव्हतं.

रेवाच्या घरी वाटप झालं. तिच्याकडे एकच खुर्ची होती, ती बाईंना मिळाली. साखरेत तूट आली, रेवाने पातेलं पुढे केलं, लोकांनी घातलं. एक सोडून गेलेलं घर सुरैय्याच्या सांदणांची कीर्ती ऐकून परत आलं आणि मॅगी खाऊन गेलं. पण भावना आली नाही. तिने निरोप पाठवला, की मी या महिन्यात बाहेरूनच मागवलंय, माझं नाव धरू नका. भावनाचं घर मोठं, तिच्या घरात सगळ्यांत जास्त डाळ जायची. पोत्यात तूर उरली, ती जमालभाईंनी नाइलाजाने सगळ्यांच्या माथी मारली. असं फार दिवस चालणार नाही हे खुर्चीत बसलेल्या बाईंना दिसत होतं. गट बुडाला तर तो आता त्यांच्यावाचून नव्हे, त्यांच्यामुळे बुडणार होता.

प्लास्टर निघालं आणि वाटप बाईंच्या घरी आलं. मनगट अजून ताठर होतं, म्हणून तराजू जमालभाईंनी धरला आणि बाई ओतायला बसल्या. काकांनी चहा केला. लोक चपला काढून आत आले, मांड्या घालून बसले आणि उठायचं नाव घेईनात. भावना या वेळीही आली नव्हती, तिचं नाव न धरता तुरीचं पोतं लहानच मागवलं होतं. एकेक पिशवी भरली. पोतं झटकलं. बाईंच्या डब्यात तूर पडली ती बूड झाकेल एवढीच.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि काकांनी मुद्दामच छताकडे बघितलं.

सुरैय्याने लगेच आपल्या पिशवीचं तोंड सोडलं. बाई म्हणाल्या, "थांब जरा. मी वर जाऊन येते."

डबा घेऊन त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. तिथवर काय बोलायचं ते त्यांनी जुळवलं होतं. माफीही त्यात होती, थोडी सारवासारवही होती. भावनाने दार उघडलं, तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, आणि बाई जुळवलेलं सगळं विसरल्या. आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजारणीकडे विरजणसुद्धा नाही. लाजेने त्यांचे कान तापले.

"मला तूर कमी पडलीय," त्या म्हणाल्या. "आहे का तुझ्याकडे?"

भावनाने डबा घेतला आणि ती आत गेली. आत डब्यांची झाकणं वाजली, मग नळ वाजला, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. बाई दारात उभ्या होत्या. निघून जावं असं त्यांना दोनदा वाटलं, आणि त्या गेल्या नाहीत.

भावना बाहेर आली तेव्हा हात धुतलेले होते आणि डबा झाकण बसू नये इतका भरला होता.

"फोनवरून मागवलेली आहे," ती म्हणाली. "धड शिजत नाही. दोन शिट्ट्या जास्त द्या."

"देईन."

"खाली सगळे आहेत का अजून?"

"आहेत ना. उठतच नाहीत हल्ली."

भावनाने ओढणीला हात पुसले, गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या. "पुढच्या महिन्यात माझ्याकडे ठेवा," ती दार ओढून घेत म्हणाली. "पण खुर्चीत बसून मला शिकवायचं नाही."

बाई म्हणाल्या, "नाही शिकवणार." डबा जड होता आणि मनगट दुखत होतं, म्हणून पहिल्याच पायरीवर त्यांनी तो भावनाच्या हातात दिला.